विश्लेषण : कर्जतला भेटायचं ठरतंय? मग आधी परतीची लोकल बघा

ओळख ऑनलाइन झाली, बोलणं जुळलं, आता प्रत्यक्ष भेटायचं आहे. मुंबई, नवी मुंबई आणि पुणे या तिन्हीकडच्यांना कर्जत-खालापूर सोयीचं वाटतं. पण इथे वेळेचं गणित चुकलं तर नेमकं काय होतं? आणि ठरवताना कोणत्या गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात?

-----

"पाच वाजता कर्जत स्टेशनला भेटू." या एका वाक्यात किती गोष्टी सांगायच्या राहतात, हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी कळलं. मी शहराच्या बाजूला रिक्षा स्टँडजवळ उभा होतो आणि ती भिसेगावच्या बाजूला. दोघंही अगदी वेळेवर पोहोचलो होतो. तिचा फोन लागत नव्हता, माझा चार टक्क्यांवर होता. चाळीस मिनिटांनी पादचारी पुलावर आमची गाठ पडली तेव्हा तिच्या परतीच्या गाडीला बारा मिनिटं उरली होती. एकेक वडापाव खाल्ला, "पोहोचलीस की कळव" म्हटलं आणि ती गेली.

तेव्हा आम्ही एका वर्गातले होतो, एकमेकांच्या घरचे नंबर आमच्याकडे होते, त्यामुळे हा किस्सा अजूनही हसत सांगता येतो. आता भेटणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. ओळख डेटिंग ॲपवर होते, विवाहस्थळाच्या साइटवर होते, ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. दोन-तीन महिने चॅट होतं आणि मग कोणीतरी म्हणतं, "कर्जतला जाऊया का?" सूचना वाईट नाही. हिरवळ आहे, गर्दी कमी आहे, ओळखीचं कोणी भेटण्याची भीती नाही. पण याच तीन गोष्टींमुळे भेट बिनसली तर तिथून निघणंही अवघड होतं. या लेखाचा सगळा भर त्या निघण्यावर आहे.

आधी गाव नक्की करा

हे वाचून हसू येईल, पण इथूनच सुरुवात करायला हवी. महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. एक रायगड जिल्ह्यातला, दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यातला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमधला. दोन्हींमधलं अंतर दोनशे किलोमीटरच्या वर आहे. पुण्याच्या पूर्वेकडे राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात कर्जत म्हटल्यावर दुसरंच गाव येऊ शकतं, आणि नकाशाच्या ॲपला तर भावनाच नसतात.

खालापूर तालुक्यात हा घोळ अजून बारीक आहे. अष्टविनायकांपैकी वरदविनायक आहे ते महड. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचं आहे ते महाड. दोन्ही रायगड जिल्ह्यातच, फरक एका काना इतका, आणि रस्त्याने अंतर शंभराहून अधिक किलोमीटर. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की तो कानाही गळून पडतो. "महडला दर्शन घेऊ आणि मग निवांत बोलू" असं ठरवणाऱ्या दोघांनी निदान हा शब्द तरी देवनागरीत लिहावा.

मग येतं चौक. हे खालापूर तालुक्यातलं गाव आहे, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचं. "चौकला भेटू" आणि "चौकात भेटू" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आणि "खालापूरला भेटू" म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा गाव नसतंच, एक्स्प्रेस-वेवरचा टोल नाका असतो. तिथे दुचाकी आणि रिक्षा यांना मुळात बंदी आहे, आणि गाडी बाजूला लावून कोणाची वाट बघत बसण्यासारखी ती जागा नाही. एक्स्प्रेस-वेवरच्या फूड मॉलला भेटायचं असेल तर मुंबईकडून पुण्याकडे जाणाऱ्या बाजूचा की उलट्या बाजूचा, तेही सांगावं लागतं. चारचाकीतून चुकीच्या बाजूला पोहोचलात तर वळून यायला पुढचा एक्झिट गाठावा लागतो.

तालुक्याचं नाव खालापूर असलं तरी लोकलचं शेवटचं स्टेशन खोपोली आहे. म्हणून जागा ठरवताना पिन तर पाठवाच, पण सोबत एक ओळ शब्दांत लिहा: कोणतं स्टेशन, कोणती बाजू, कशाच्या समोर. नेटवर्क गेलं की पिन उघडत नाही, वाक्य मात्र फोनमध्ये वाचता येतं.

अर्ध्या वाटेवरचं गाव, पण कोणाच्या अर्ध्या?

"तू मुंबईहून ये, मी पुण्याहून येतो, कर्जत मधोमध आहे." नकाशावर हे खरं दिसतं. रेल्वेच्या वेळापत्रकावर दिसत नाही.

कर्जत सीएसएमटीपासून शंभर किलोमीटरवर आहे आणि मुंबईची लोकल तिथपर्यंत येते. त्यापुढे एक फाटा पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला जातो आणि तिथे संपतो. पुण्याची लोकल लोणावळ्याला संपते. मधल्या बोरघाटात लोकल नाही. कर्जत ते लोणावळा हे अंतर रेल्वेने जेमतेम २८ किलोमीटर, पण चढ इतका तीव्र (३७ मीटरला एक मीटर) की घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडायची पद्धत पडली. त्या थांब्याच्या मिनिटांमध्येच दिवाडकरांचे वडे प्रसिद्ध झाले. पुण्याहून येणाऱ्याला त्यामुळे मोजक्या एक्स्प्रेसवर अवलंबून राहावं लागतं, आणि घाट उतरणारी प्रत्येक गाडी कर्जतला थांबत नाही. दुसरा पर्याय म्हणजे लोणावळ्यापर्यंत लोकल आणि तिथून रस्त्याने खोपोली.

गंमत म्हणजे ही फट फार जुनी आहे. १८५६ मध्ये रेल्वे कल्याणहून थेट खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. पण मधला घाट १८६३ पर्यंत बांधून व्हायचा होता. तोवर प्रवासी खोपोलीला उतरायचे आणि पालखी, तट्टू, बैलगाडी जे मिळेल त्याने घाट चढून वरची गाडी पकडायचे. पालखीच्या जागी आज एसटी आणि ओला-उबर आले आहेत, पण लोकलने येणाऱ्याला सामान घेऊन खाली उतरून दुसरं वाहन शोधणं चुकलेलं नाही.

म्हणून "मधोमध" म्हणताना किलोमीटर मोजू नका, दोघांचे तास मोजा. एकाला एक सरळ लोकल आणि दुसऱ्याला तीन वाहनं बदलून यायचं असेल तर ती भेट मधोमध नाही. अशा वेळी पुणेकराला लोणावळा आणि मुंबईकराला थोडा जास्त प्रवास, किंवा याच्या उलट, असं उघडपणे ठरवलेलं बरं. पहिल्याच भेटीला एक जण दमून आणि मनातून थोडा चिडूनच पोहोचला, तर पुढची दोन तासांची गोडी त्यातच जाते.

पाच म्हणजे नक्की किती वाजता?

"पाचच्या लोकलने येतो" या वाक्याचे निदान तीन अर्थ होतात: पाचला सीएसएमटीहून सुटणारी, पाचला माझ्या स्टेशनवर येणारी, पाचला कर्जतला पोहोचणारी. पहिल्या आणि तिसऱ्या अर्थात दोन तासांहून अधिक फरक आहे. त्यात आपली नेहमीची भाषा. "निघालोय" म्हणजे चप्पल शोधतोय. "पोहोचतोच आहे" म्हणजे वांगणी. "पाच मिनिटं" हे तर वेळेचं माप राहिलेलंच नाही.

त्यामुळे सांगायची वेळ एकच, कर्जतला गाडीतून उतरण्याची. आणि सोबत गाडी कोणती तेही. सीएसएमटीहून सुटणाऱ्या सगळ्याच गाड्या खोपोलीपर्यंत जात नाहीत. इंडिकेटरवर कर्जतसाठी 'एस' आणि खोपोलीसाठी 'केपी' असतं, हे रोजच्या प्रवाशाला पाठ असतं, रविवारी फिरायला निघालेल्याला नसतं.

आता एक साधा हिशोब करू. समजा, तुम्ही दादरजवळ राहता आणि कर्जत स्टेशनपासून अर्ध्या तासावरच्या एखाद्या ठिकाणी भेटायचं ठरलं आहे. सकाळी १०:००ला घर सोडलं. स्टेशनपर्यंत २० मिनिटं, गाडीची वाट १५ मिनिटं, लोकल साधारण दोन तास, कर्जतला उतरून वाहन मिळेपर्यंत १५ मिनिटं, मग अर्धा तास रस्ता. वाजले १:२०. परतीची गाडी ६:००ची धरली तर वाहन शोधणं, रस्ता आणि थोडी सवड धरून ५:००ला उठायला हवं. घरी पोहोचायला ८:२०. म्हणजे दहा तास वीस मिनिटांच्या दिवसात प्रत्यक्ष भेट तीन तास चाळीस मिनिटांची. त्यात जेवणही आलं.

हा हिशोब आधी न केलेली माणसं त्या तीन तास चाळीस मिनिटांत धबधबा, किल्ला, लेणी आणि जेवण असं सगळं कोंबतात. मग पाच वाजता कोणालाच उठवत नाही. "पुढची गाडी पकडू" असं ठरतं, आणि इथे कर्जतचा खरा स्वभाव कळतो. दादर किंवा ठाण्याला एक लोकल चुकली तर काही मिनिटांत दुसरी येते. तिथे उशीर सरळ रेषेत वाढतो, दोन मिनिटं उशीर म्हणजे दोन मिनिटं उशीर. कर्जतच्या पुढे तो पायऱ्यांनी वाढतो. खोपोलीचा मार्ग एकेरी आहे. तिथे दोन मिनिटांनी गाडी चुकली की तासभर जातो, कधी त्याहून जास्त. इंजिनिअरिंगमध्ये याला वेगळी नावं असतील, फलाटावर एकटं बसलेल्या माणसाला ती आठवत नाहीत.

रविवारी यात मेगाब्लॉकची भर पडते. एम-इंडिकेटरवरचं वेळापत्रक आदल्या रात्री आणि निघताना असं दोनदा बघावं, कारण ब्लॉकच्या दिवशी ठरलेली गाडी रद्द होऊ शकते किंवा अलीकडेच थांबू शकते. आणि शेवटच्या लोकलचा बेत कधीच करू नये. तुमची 'शेवटची' गाडी ही खऱ्या शेवटच्या गाडीच्या निदान दोन गाड्या आधीची असावी.

गाडीची किल्ली कोणाच्या खिशात?

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. कर्जत स्टेशनपर्यंत दोघंही समान असतात. दोघांकडे तिकीट आहे, दोघांना गाडी कळते. स्टेशन सोडलं की समानता संपते.

कर्जत-खालापूरमधली फार्महाऊस, होमस्टे, नदीकाठची हॉटेलं ही बहुतेक स्टेशनपासून आत आहेत. मुख्य रस्त्यापर्यंत शेअर रिक्षा, इको किंवा मिनीडोर मिळते, पण ती सीट भरल्याशिवाय निघत नाही आणि अंधार पडला की विरळ होते. आतल्या फाट्यापासून पुढे तर स्वतःचं वाहन नाहीतर पायपीट. ॲपवरची कॅब मुंबईहून येते हौसेने, पण संध्याकाळी तिथून बोलावली तर मिळेलच असं नाही. डोंगराच्या आडोशाला नेटवर्क जातं, आणि नेटवर्क गेलं की कॅब, नकाशा, यूपीआय हे सगळं एकदमच जातं.

अशा ठिकाणी ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्या हातात वेळ असते. "थोडं थांब, सोडतो मी" हे वाक्य दर वेळी वाईट हेतूने म्हटलेलं असतं असं नाही. पण दुसऱ्याला "मला आत्ता निघायचंय" म्हणायचं असेल तर ते त्याच माणसाच्या मर्जीवर राहतं, ही अडचण हेतू चांगला असला तरी उरतेच. ज्याच्याशी आपली अजून प्रत्यक्ष ओळखच नाही त्याच्या मर्जीवर का राहायचं?

म्हणून आमचं स्पष्ट मत आहे. पहिली भेट अशाच जागी ठेवा, जिथून दोघांपैकी कोणालाही, दुसऱ्याला न विचारता, स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या पैशांनी स्टेशन गाठता येईल. व्यवहारात याचा अर्थ कर्जत किंवा खोपोली शहरातलं, स्टेशनपासून चालत जाता येईल असं हॉटेल, दुपारची वेळ, आजूबाजूला माणसं. रोमँटिक वाटत नाही? नसू दे. फार्महाऊस कुठे पळून जात नाही, तिसऱ्या-चौथ्या भेटीलाही ते तिथेच असेल.

माथेरानचं आकर्षण अनेकांना असतं. ते कर्जत तालुक्यातच आहे आणि वर वाहनांना बंदी असल्याने गाडीवाल्याची मक्तेदारी तिथे आपोआप संपते, हा त्याचा मोठा गुण. पण दस्तुरी नाक्यापासून आतलं चालणं, नेरळला उतरायची टॅक्सी आणि मग लोकल, हे सगळं वेळेत धरावं लागतं. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी मिनी ट्रेन बंद असते, अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते, हेही लक्षात असू द्या.

हे फक्त विशी-तिशीतल्यांसाठी नाही. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केलं, त्यानंतर उतारवयात जोडीदार शोधण्याबद्दल मराठी घरांत थोडं मोकळेपणाने बोललं जाऊ लागलं. साठीनंतर पहिल्यांदा भेटणाऱ्या दोघांना धबधब्यापेक्षा स्टेशनवरचे जिने, स्वच्छतागृह आणि औषधाची वेळ यांचा विचार जास्त करावा लागतो. ते विचारायला लाजू नये. "तुम्हाला जिना चढायला त्रास होतो का?" हा प्रश्न कोणत्याही शेरापेक्षा जास्त आपुलकीचा आहे.

बोलायचं काय आणि कधी?

मराठी माणसाला स्पष्ट नाही म्हणता येत नाही. त्याऐवजी आपण "बघू", "जमलं तर", "कळवतो" असं म्हणतो. घरच्या माणसाला त्याचा अर्थ कळतो, चॅटवरच्या नव्या ओळखीला कळतोच असं नाही. तो किंवा ती "बघू"ला होकार समजून सुट्टी टाकते, तिकीट काढते, आणि आदल्या रात्री कळतं की समोरच्याचं कधीच नक्की नव्हतं.

भेटीआधी तीन गोष्टी लिहून सांगाव्यात, फोनवर नुसत्या बोलून सोडू नयेत. भेट कशासाठी आहे, किती वेळाची आहे, आणि निघायची वेळ कोणती. यातली पहिली सगळ्यात अवघड वाटते. लग्नाच्या दृष्टीने बघतोय, की नुसती ओळख वाढवायची आहे, की ट्रेकला सोबत हवी आहे, हे आधीच सांगितलं की अर्धे गैरसमज तिथेच संपतात. एखादा मेसेज असा असू शकतो:

"रविवारी भेटूया. कर्जत स्टेशन, शहराच्या बाजूचा रिक्षा स्टँड, दुपारी १२:३०. मी सीएसएमटीहून येणाऱ्या कर्जत लोकलने येतेय. स्टेशनजवळच जेवू. मला ४च्या सुमाराची गाडी पकडायची आहे, ती नक्की. या वेळी फक्त जेवण आणि गप्पा, आत कुठे फिरायला जायचं नाही. फोन लागला नाही तर १:१५पर्यंत तिथेच थांबेन, मग परत निघेन. शनिवारी रात्री ९पर्यंत दोघांनी नक्की की रद्द ते कळवू."

जरा कोरडा वाटतो ना? पण यातलं प्रत्येक वाक्य एकेक भांडण वाचवतं. विशेषतः फोन लागला नाही तर काय, हे. माझ्या त्या चाळीस मिनिटांच्या गोंधळात एवढं एक वाक्य ठरलेलं असतं तर मी सरळ पूल ओलांडला असता. आणि समोरचा माणूस असा मेसेज वाचून नाराज होत असेल, "एवढा काय अविश्वास?" म्हणत असेल, तर प्रवास करण्याआधीच तुम्हाला हवी ती माहिती मिळाली.

रद्द करण्याबद्दलही बोलायला हवं. कर्जतची भेट रद्द करणं म्हणजे दादरच्या कॅफेतली भेट रद्द करणं नव्हे. समोरच्याने त्यासाठी अख्खा दिवस काढून ठेवलेला असतो. त्यामुळे नको असेल तर आदल्या रात्री सांगा, आणि सकाळी मन बदललं तर समोरचा गाडीत बसण्याआधी सांगा. कल्याण ओलांडल्यावर आलेला "सॉरी यार" कोणी विसरत नाही. मात्र एक अपवाद. भेटीत अस्वस्थ वाटलं तर अर्ध्यातून निघायला कोणतंही कारण द्यावं लागत नाही. "मी निघते" एवढं पुरतं.

एका विश्वासू माणसाला कुठे, कोणासोबत आणि कोणत्या गाडीने परत, हे आधी सांगून ठेवा. घरी सांगणं शक्य नसेल तर मैत्रिणीला, रूममेटला. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी देता येतं. अशा भेटीला आठ तासांचं द्यावं. पण नेटवर्क गेलं की ते शेवटच्या ठिकाणी गोठतं, बघणाऱ्याला वाटतं तुम्ही तिथेच बसला आहात. म्हणून ठरावीक वेळी "निघाले", "गाडीत बसले" असे दोन मेसेज ठरवून ठेवा, आणि ते आले नाहीत तर काय करायचं तेही.

अडचण आलीच तर कुठेही ११२, रेल्वेत १३९, लोहमार्ग पोलिसांसाठी १५१२, महिलांसाठी १८१. नकार दिल्यानंतरही पाठलाग करणं, पुन्हा पुन्हा संपर्क साधणं किंवा तिच्या ऑनलाइन वावरावर नजर ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा असतो.

"आधी टोकन पाठवा"

आणखी एक प्रकार. कर्जत, खोपोली, लोणावळा अशी गावांची नावं टाकून "सोबत मिळेल" छापाच्या जाहिराती इंटरनेटवर भरपूर दिसतात. फोटो छान असतात, भाषा गोड असते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मेसेजला खोली किंवा गाडीच्या नावाखाली यूपीआयने आगाऊ पैसे मागितले जातात. पैसे गेले की पुढची रक्कम, आणि नाही म्हटलं की "चॅट घरी पाठवू" ही धमकी. भेट अर्थात होतच नाही. लाजेपोटी माणसं तक्रार करत नाहीत आणि फसवणाऱ्यांचा सगळा धंदा त्या लाजेवर चालतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पावसाळ्यात वेगळं घड्याळ

जून ते सप्टेंबर हा कर्जत-खालापूरचा सगळ्यात देखणा काळ आणि बेत आखायला सगळ्यात बेभरवशाचा. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस मध्येच अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना नौदल आणि एनडीआरएफच्या मदतीने बाहेर काढावं लागलं. कर्जतहून मुंबईला परतायचा रेल्वेमार्ग तोच आहे. दुसरी समांतर लोकल नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे बचाव पथकांना पावसात डोंगर चढून जावं लागलं आणि यंत्रं वर नेता आली नाहीत. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले. त्या घटनेची तुलना कोणाच्या सहलीशी करण्याचा प्रश्नच नाही. पण या भागात मदत किती दूर असते, हे अंतर किलोमीटरमध्ये नसून चढाच्या तासांमध्ये असतं, ते तिथे दिसलं. इर्शाळगड, पेठचा कोथळीगड, ढाक बहिरी किंवा खांडसहून भीमाशंकर अशा वाटांवर पहिल्यांदाच भेटणाऱ्या माणसासोबत दोघंच जाणं म्हणूनच टाळावं. ट्रेकच करायचा तर ग्रुपसोबत करा, ओळखही होते आणि परत यायला चार माणसं असतात.

दर पावसाळ्यात इथल्या अनेक धबधब्यांवर आणि धरणांवर प्रशासन मनाईहुकूम काढतं. आदल्या दिवशी रील बघून ठरवलेला धबधबा दुसऱ्या दिवशी बंद असू शकतो, आणि मग "इथवर आलोच आहोत तर मागच्या वाटेने जाऊ" असं कोणीतरी म्हणतं. ते म्हणणाऱ्याला तिथेच ओळखून ठेवावं.

पनवेलची लोकल आली की?

पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग हा मुंबई रेल्वे विकास महामंडळाच्या एमयूटीपी-३ मधला प्रकल्प आहे. लांबी सुमारे ३० किलोमीटर, स्टेशनं पाच: पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत. वाटेत तीन बोगदे आहेत, त्यातला वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब आहे. या मार्गावर लोकल धावली की नवी मुंबईकराला कल्याणचा वळसा पडणार नाही, आणि कर्जतहून मुंबईकडे परतायला दुसरी वाट मिळेल. खालापूर तालुक्यातल्या चौकला मुंबईच्या लोकलचं स्टेशन असेल.

तेव्हा मात्र "चौकात भेटू" असं लिहिणाऱ्याने पुढे कंसात "स्टेशन" असं लिहिलं तर बरं होईल.